रसिकाचे ऋण

कलावंतांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. रसिकाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक रसिकता हीदेखील एक साधनाच होय. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

विनोदी लेखक व नट म्हणून त्यांची कीर्ती घरोघर पोचली. दिल्लीस १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत ते होते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. एवढे यश लाभलेला पुरुष दुसऱ्याच्या गाण्यापुढे मात्र नुसता श्रोता होऊन बसे. शिवाय तो आनंद त्याने स्वतःपाशी कोंडून ठेविला नाही. ‘गुण गाईन आवडी’ या संग्रहाचे नावच त्याची साक्ष देते.

कवितेच्या बाबतीतही तेच. मर्ढेकर आणि बोरकर यांची कविता पु. ल. व सुनीताबाई यांनी जाहीर कार्यक्रमांतून वाचून दाखविली. छापील पानावर दुर्बोध वाटणारी ओळ योग्य ठिकाणी थांबून उच्चारली, की कानाला ती आपोआप उमगते. हे काम टीकाकाराच्या पांडित्याने होत नाही. त्यास प्रेमच लागते.

आवड अनेकांस असते. परंतु ऐकणाऱ्यावाचून गाणे आणि वाचणाऱ्यावाचून कविता मुकी होते. म्हणून आपणांस लाभलेला आनंद शेजाऱ्याच्या ओंजळीत घालणे, हेच रसिकाने कलेचे ऋण फेडणे होय.