गोळी सोसत नाही, असं ती म्हणते तेव्हा

(पाथर्डी तालुक्यातल्या बचत गटांच्या आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण. बोललेलं तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं आवरून घेतलं आहे.)

"ताई, ती गोळी घेतली की काळीज धडधडतं. मी आपली बंदच केली." हे वाक्य मी गावोगाव ऐकते. त्याच्या मागोमाग येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं असतं : "पण कुणाला सांगू नका." घरचे म्हणतील, पैसे घातले आणि आता नखरे. डॉक्टर म्हणतील, तुम्हाला जास्त कळतं का. मग ती बाई गोळी खाते असं सांगत राहते आणि बाटली फडताळात तशीच राहते.

आज मला थायरॉईडवर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. एम. एस. डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून याच जिल्ह्यात काम करते. जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला, तरी माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, तेवढं सांभाळून घ्या. डॉक्टर नसले तरी ही गोळी रोज खाणारी बाई मी आहे. आणि मलाही ती काही काळ अजिबात सोसली नव्हती.

आधी थोडक्यात. गळ्याशी, कंठाच्या खाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिच्यातून जो रस रक्तात जातो, त्यावर शरीराचा वेग ठरतो. रस कमी पडला की सगळंच मंदावतं. थकवा येतो, इतरांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजते, तोंडावर सूज दिसते, शौचाला साफ होत नाही, केस जातात, विसरायला होतं, पाळीत अंगावरून जास्त जातं. घरात या सगळ्याला मिळून एकच नाव असतं : आळस. अंगावरून जातं म्हणून पिशवी काढून टाकलेल्या बायका आपल्या भागात कमी नाहीत. त्यांच्यातल्या किती जणींची आधी थायरॉईडची तपासणी झाली होती, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकींनी "ते काय असतं?" असं मलाच विचारलं.

आठ शहरांत पाच हजारांहून जास्त माणसं तपासून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात जवळपास अकरा जणांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं आणि बायकांचं प्रमाण पुरुषांच्या तिपटीच्या आसपास होतं. ती सगळी शहरं होती. कांद्याच्या वाफ्यात वाकलेली बाई त्यात मोजलेली नव्हती.

आता माझी गोष्ट सांगते. मुलगी झाली त्यानंतर काही महिन्यांनी मला हे निघालं. पन्नासची गोळी सुरू झाली. "सकाळी घ्या", एवढंच सांगितलं गेलं. मी सकाळी उठून चहा ठेवायची आणि चहाच्या घोटाबरोबर तीन गोळ्या घशात टाकायची : थायरॉईडची, बाळंतपणानंतर सुरू असलेली लोहाची आणि कॅल्शियमची. एकदाच कटकट मिटायची. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर टी. एस. एच. चढलेलाच. गोळी पंचाहत्तरची झाली, मग शंभरची. गोळी रोज कशाबरोबर घेता, हे कुणी विचारलं नाही. मलाही सांगायचं सुचलं नाही. शिकलेली असून सुचलं नाही, हेही सांगून टाकते.

मुलगी वर्षाची झाली आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या, मी परत आणल्या नाहीत. इथून माझे हाल सुरू झाले. छातीत धडधड, भर थंडीत घाम, भाजी चिरताना हात कापायचा, रात्री डोळ्याला डोळा नाही. वजन उतरलं, तर बायका म्हणाल्या, छान बारीक झालीस! ज्या दवाखान्यात जात होते तिथं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "लहान मूल आहे, नोकरी आहे, टेन्शन घेऊ नका." तेव्हा मीही तेच केलं जे तुम्ही करता. गोळी बंद केली.

आणि मैत्रिणींनो, पहिले दोन आठवडे स्वर्ग होता. धडधड गेली, झोप आली. माझी खात्री पटली की गोळीच वाईट. खरा फसवा भाग इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ही गोळी अंगात एका दिवसाची पाहुणी नसते. आज घेतलेल्यातली निम्मी संपायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे बंद केल्यावर आधी जास्तीचं उतरतं आणि बरं वाटतं. मग हवं तेवढंही उरत नाही, पण ते इतकं हळू होतं की गोळी बंद केल्याशी त्याचा संबंध आपण लावतच नाही. दोन-अडीच महिन्यांनी मी एका गावात बैठक घेता घेता बसल्या जागी झोपले. बैठक माझीच होती.

दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी मग साधा प्रश्न विचारला : "गोळी कशी घेता, ते उठल्यापासून सांगा." मी सांगितलं आणि त्या हसल्याच. लोह आणि कॅल्शियम ही गोळी पोटात धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. चहा-कॉफीनंही ती कमी भिनते. कमी भिनत होती म्हणून डोस वाढत गेला. अडवणाऱ्या गोळ्या थांबल्या आणि तो वाढलेला डोस सगळाच्या सगळा लागू पडला. गोळी वाईट नव्हती. माझी तक्रारही खोटी नव्हती. डोस उतरवून पंचाहत्तरवर आणला, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. त्याच्या आधी तपासून उपयोग नसतो, कारण डोस बदलल्याचा हिशेब रक्तात उमटायला तेवढा वेळ लागतो.

तर कशी घ्यायची? उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर चहाला किमान अर्धा तास, जमलं तर तास. लोह, कॅल्शियम आणि पित्तावरच्या गोळ्या चार तासांनी. आता तुम्ही म्हणाल, पहाटे उठून म्हशीची धार, पाणी, भाकरी, आणि चहाशिवाय तास? बरोबर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर पहाटे चारला फडात जायचं असतं. मग डॉक्टरांना विचारून ती रात्री घेता येते, जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना. त्यानंही चांगला गुण येतो असं तपासून पाहिलेलं आहे. मात्र एक वेळ धरली की तीच ठेवायची. बाटली चुलीजवळ नको, मोरीच्या कोनाड्यात नको आणि उन्हाळ्यात पत्र्याला लागून तर नकोच. उष्णता आणि ओल लागली की तिचा जोर कमी होतो. कोपीवर नेताना कपड्यांच्या पिशवीत मधोमध ठेवा, झाकण घट्ट लावून. गोळ्या डबीत काढून ठेवू नका.

उपवासाचं मला नेहमी विचारतात. एकजण नवरात्रात नऊ दिवस गोळी घेत नव्हती, श्रावणात सोमवार सोडत होती, वर चतुर्थ्या. पाण्याबरोबर घ्यायची गोळी आहे. ज्या दिवशी पाणी पिता, त्या दिवशी गोळी घ्या. एखादा दिवस चुकला तर घाबरायचं कारण नाही, हे वर सांगितलंच.

आणखी एक, ज्याच्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. नव्या नवरीची गोळी. लग्न ठरवताना थायरॉईड लपवलेला असतो, म्हणून पोरगी सासरी गोळ्या पावडरच्या डब्यात ठेवते आणि मोरीत जाऊन चोरून घेते. कधी घेता येते, कधी नाही. दिवस गेले की "गरोदरपणी औषधं नकोत" म्हणून तीही बंद. नेमकं तेव्हाच तिची गरज वाढते, बाळासाठीसुद्धा. पाळी चुकली की गोळी बंद न करता लगेच दाखवायला जायचं, बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो. आयांनो, मुलीला रुखवतात डबे देता, त्यातच ही बाटली सगळ्यांदेखत द्या की! हसताय, पण मी गंमत करत नाही.

"गोळी उष्ण पडते" असंही ऐकते. मोठ्या वयाच्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईला एकदम मोठा डोस दिला तर छातीत दुखू शकतं. तिला अगदी थोड्यापासून चढवत नेतात. बाकी उष्ण-थंड काही नाही. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. मरे यांनी या आजाराच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क दिला आणि ती पुढे २८ वर्षं जगली. इथं मेंढरं राखणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं. आजची गोळी कारखान्यात तयार होते, पण आपल्या ग्रंथीत बनतो तोच पदार्थ तिच्यात असतो. बाजारात "मुळापासून बरा" म्हणून पुड्या मिळतात, त्यांच्या नादाला लागून गोळी सोडू नका.

काही जणी मात्र सगळं नीट करतात, रिपोर्टही बरोबर येतो आणि तरी अंगात त्राण नसतं. त्यांना "तुमचं सगळं नॉर्मल आहे" म्हणून वाटेला लावतात. नॉर्मल थायरॉईड आहे, बाई नाही. रक्त किती आहे पाहा. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. बी-१२, ड जीवनसत्त्व पाहा. झोप पाहा. घरात मार खाते का, तेही विचारा.

आता जिच्यासाठी मी हे भाषण करायला तयार झाले, तिच्याबद्दल. नाव, गाव सांगत नाही. तिच्या परवानगीनं बोलते आहे. तिसरं बाळंतपण उसाच्या फडाजवळ कोपीवर झालं. अतोनात रक्त गेलं, ती बेशुद्ध पडली, वाचली. अंगावर दूध आलंच नाही, पोर शेळीच्या दुधावर वाढलं. पाळी परत आली नाही. सासू म्हणाली, बरं झालं, कटकट गेली. पुढे अशक्तपणा, अंगावरचे केस झडले, उपाशी राहिली की चक्कर. टी. एस. एच. तपासला, तो बरोबर. तीन वर्षं "काही झालेलं नाही" असं सांगण्यात आलं. मग एकदा थायरॉईडचा रसच मोजला, तो अगदी कमी. गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत ती अंथरुणाला खिळली. उलट्या, भोवळ. तिनं आपणहून गोळी बंद केली. सगळ्यांनी तिलाच बोल लावला. मीही लावला. "नियमित घ्यायला हवी," असं मी तिला दारात उभी राहून ऐकवलं होतं.

पुण्याच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, "शेवटचं बाळंतपण कसं झालं? दूध आलं होतं का?" त्या दोन प्रश्नांत निदान झालं. बाळंतपणात फार रक्त गेलं तर मेंदूखालची छोटी ग्रंथी सुकते. इतर ग्रंथींना कामाचा हुकूम तीच देते. १९३७ साली डॉ. शीहान यांनी हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला शीहानचा आजार म्हणतात. टी. एस. एच. ही त्याच ग्रंथीचा हुकूम, म्हणून तो तपासून हिचा आजार कळतच नव्हता. तिचं कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरकही संपत आलं होतं. ते आधी भरून न काढता थायरॉईडची गोळी दिली, की शरीराचा वेग वाढतो आणि असलेलं नसलेलं कॉर्टिसॉलही संपतं. जिवावर बेततं. आधी स्टेरॉईडची गोळी, मग थायरॉईडची, हा क्रम. तिनं गोळी बंद केली म्हणून कदाचित ती वाचली.

हा आजार फार दुर्मीळ आहे असं समजू नका. डॉ. झरगर आणि सहकाऱ्यांनी काश्मीर खोऱ्यात पाहणी केली होती. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. बाळंत झालेल्या, विशीपुढच्या बायकांत शंभरात सुमारे तिघींना तो निघाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणी घरी बाळंत झालेल्या होत्या. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, पण आपल्या पिढीतल्या ज्या कोपीवर, शेतात बाळंत झाल्या त्या आजही आहेत.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या अशिक्षित, दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. कुणाचं बाळंतपण कसं झालं हे त्या बायकांना ठाऊक असायचं, कारण त्या तिथंच असायच्या. ते सगळं आजही गावात कुणा ना कुणाला ठाऊक असतं, फक्त दवाखान्याच्या कागदावर येत नाही. म्हणून आज इथं जाड पुठ्ठ्याची कार्डं ठेवली आहेत. त्यावर चारच गोष्टी लिहायच्या : गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेता, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, गोळी घेतल्यावर नेमकं काय होतं, आणि बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, दूध आलं का, पाळी परत आली का. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या. दवाखान्यात बोलायच्या आधी हे कार्ड टेबलावर ठेवा. गोळी सोसत नसेल तर आपणहून बंद करण्याआधी कार्ड घेऊन जा. मात्र उलट्या, भोवळ असेल तर त्याच दिवशी जा, थांबू नका.

ती आज येणार होती. कांदा काढायला चालू आहे, खाडा परवडत नाही म्हणाली. ताप आला तर स्टेरॉईडची गोळी दुप्पट घ्यायची, हे तिला आता पाठ आहे. थायरॉईडची बाटली उघडताना मात्र अजून हात थरथरतो, असं ती सांगते.

ज्यांनी जुने रिपोर्ट आणले आहेत त्यांनी पिशव्या घेऊन डाव्या बाजूला बसा. आशाताई आणि मी एकेकीचं कार्ड भरून देऊ. साडेचारची एस. टी. ज्यांना गाठायची आहे त्यांनी आधी या.