परवान्याची परीक्षा आणि आपला अभ्यास

(सुवर्ण महोत्सवानिमित्त उचगाव येथे विद्यार्थी व पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संयोजकांनी मला 'वास्तुविशारदाची परवाना परीक्षा आणि तिचा अभ्यास' हा विषय दिला, तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, की यात स्वयंपाकघर आग्नेयेला का असावे हेही सांगणार का? आरंभीच सांगून टाकतो. ते वास्तुशास्त्र निराळे. मी बोलणार आहे ते आर्किटेक्चरविषयी, आणि तेही आपली जी मुले-मुली येथे पदवी घेऊन अमेरिकेस जातात, त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या एका परीक्षेविषयी. गेली अनेक वर्षे मी कोल्हापुरात व्यवसाय करतो. माझ्या कार्यालयात उमेदवारी करून परदेशी गेलेली मुले अडचणीच्या वेळी संपर्क साधतात, आणि त्यांच्या अडचणींत हीच परीक्षा वारंवार येते.

प्रथम आपल्या देशातील स्थिती पाहू. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पाच वर्षांची पदवी घेतली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. नोंदणीसाठी वेगळी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्याकडे परीक्षेचे दडपण आहे ते प्रवेशाच्या वेळी. २००६ पासून 'नाटा' ही अभिरुची चाचणी घेतली जाते, आणि तिच्या तयारीसाठी मुले बारावीच्या सुट्टीत शिकवण्या लावतात. एकदा प्रवेश मिळून पदवी हाती आली, की घरच्यांच्या दृष्टीने मुलगा 'आर्किटेक्ट' झाला.

अमेरिकेत असे नाही. तेथे परवाना प्रत्येक राज्य देते. इलिनॉय राज्याने १८९७ साली असा पहिला कायदा केला, आणि १९१९ साली राज्यांच्या मंडळांची मिळून 'एनकार्ब' ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. शिक्षण, अनुभव आणि परीक्षा या तिन्हींची पूर्तता झाल्याखेरीज कोणासही स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. येथे पाच वर्षे शिकलेली, गोल्ड मेडल मिळवलेली मुलगीही तेथील कार्यालयात 'डिझायनर' या नावानेच रुजू होते. (लग्नपत्रिकेवर 'आर्किटेक्ट, अमेरिका' असे छापण्याची आपल्याकडे घाई असते. ती पत्रिका तेथील मंडळाच्या हाती पडणार नाही हे खरे, पण मुलीला ते वाचून अवघडल्यासारखे होते, हे मला एकीने स्वतः सांगितले आहे.)

परीक्षेसाठी समुद्र ओलांडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५० च्या सुमारास लंडनला गेले ते तेथील रॉयल इन्स्टिट्यूटच्या परीक्षेच्या तयारीसाठी. पुढे ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेले आणि त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. सर्वांच्या नशिबी कॉर्ब्युझिए नसतात. आपल्या मुलांना परीक्षाच द्यावी लागते.

अभ्यासाकडे वळण्यापूर्वी पालकांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात पैसा आणि वर्षे दोन्ही गुंतलेली आहेत. परदेशी अभ्यासक्रम निवडताना आपण विद्यापीठाचे नाव पाहतो. परवान्याच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. तेथे 'नाब' नावाचे मंडळ व्यावसायिक पदव्यांनाच मान्यता देते: बी.आर्क., एम.आर्क. आणि डी.आर्क. नगररचना, शाश्वत बांधकाम, संगणकीय आरेखन अशा विषयांतील एम.एस. पदव्या कितीही नामवंत विद्यापीठाच्या असोत, त्या या मान्यतेखाली येत नाहीत. एम.आर्क. नावाचेही काही अभ्यासक्रम पदवीनंतरचे म्हणून चालतात आणि त्यांनाही ही मान्यता नसते. कर्ज काढून दोन वर्षे शिकून बाहेर पडलेल्या मुलाला मग आपल्या भारतीय पदवीचे वेगळे मूल्यमापन करून घ्यावे लागते, कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात, आणि कोणते राज्य काय स्वीकारते हे शोधत बसावे लागते. मार्ग बंद होत नाही, पण लांबतो. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव मंडळाच्या यादीत आहे का, एवढे मुलाने स्वतः पाहावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

अनुभवाची अट ३,७४० तासांची आहे. आठवड्यास चाळीस तास धरले तरी जवळजवळ दोन वर्षे होतात. हे तास सहा क्षेत्रांत विभागलेले असतात, आणि काम केल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंदवले तरच पूर्ण धरले जातात. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत निम्मे. ज्याला घरी जमाखर्चाची वही रोजच्या रोज लिहिण्याची सवय आहे, त्याला हे अवघड नाही.

आता परीक्षा. तिला 'ए.आर.ई.' म्हणतात. पूर्वी ती कागदावर कित्येक दिवस चालत असे आणि तिच्यात सलग बारा तासांचा आरेखनाचा पेपर असे. १९९७ पासून ती संगणकावर आली. नोव्हेंबर २०१६ पासूनच्या ५.० या आवृत्तीत तिचे सहा विभाग आहेत: व्यवसाय व्यवस्थापन, प्रकल्प व्यवस्थापन, पूर्वअभ्यास व विश्लेषण, नियोजन व आरेखन, तपशील व दस्तऐवज, आणि बांधकाम व मूल्यमापन. सर्वांत लहान विभागात ६५ प्रश्न आणि दोन तास चाळीस मिनिटे, सर्वांत मोठ्या दोन विभागांत १०० प्रश्न आणि चार तास पाच मिनिटे. हिशेब केला तर कोणत्याही विभागात एका प्रश्नास अडीच मिनिटांहून किंचित कमी वेळ मिळतो. उत्तीर्णांचे प्रमाण विभागागणिक निम्म्याच्या आसपास, कोठे थोडे खाली तर कोठे थोडे वर असते. म्हणजे हुशार, नोकरीत असलेली, इंग्रजी मातृभाषा असलेली तेथील मुलेही नापास होतात. आपल्या मुलाचा एखादा विभाग राहिला तर घरी सुतक पाळण्याचे कारण नाही.

आपण ज्या पद्धतीने शिकलो, ती येथे कामास येत नाही. आपली पिढी 'अपेक्षित' प्रश्नसंचावर वाढली. मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्यांतले वारंवार येणारे प्रश्न, त्यांची पाठ केलेली उत्तरे. या परीक्षेचे प्रश्न बाहेर सांगण्यास उमेदवारास लेखी मनाई असते. ते सांगणाऱ्यावर कारवाई होते. जुन्या प्रश्नपत्रिका बाजारात मिळत नाहीत, आणि कोणी चोरून विकत असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये. एनकार्बने प्रत्येक विभागासाठी सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. त्या द्याव्यात, आणि त्याही अभ्यासाच्या शेवटी राखून न ठेवता आरंभी एकदा द्याव्यात. आपल्याला काय येत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळले, तर पुढचे आठवडे योग्य ठिकाणी खर्च होतात.

वाचण्याविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटास एक उतारा पुनःपुन्हा वाचावयास दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. वारंवार वाचलेले पान ओळखीचे वाटते आणि आपल्याला ते येते असा भास होतो. परीक्षा आठवड्यांनंतर असते, पाच मिनिटांनी नसते.

आपल्या व्यवसायात लिहून काढण्यापेक्षाही चांगला उपाय आहे, तो म्हणजे रेखाटन. कोरा कागद घ्यावा आणि पायापासून छताच्या कठड्यापर्यंत भिंतीचा पूर्ण छेद न पाहता काढावा. पाणी कोठून आत येईल, ते कशाने अडवले, उष्णतारोधक थर कोठे, बाष्परोधक कोणत्या बाजूस. मग पुस्तक उघडून तांबड्या पेनाने चुका दाखवाव्यात. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. आपल्या मुलांना हे विशेष आवश्यक आहे, कारण त्यांनी आर.सी.सी. आणि विटांची घरे काढली आहेत. तेथील घरे लाकडी सांगाड्याची. ज्या लाकडास ते 'टू बाय फोर' म्हणतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, आणि बहुधा सोळा इंचांवर उभे केले जाते. थंड प्रदेशात जमीन गोठते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराखाली न्यावा लागतो. बाष्परोधक तेथे भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूस येतो. कोल्हापुरात यातील काहीच पाहावयास मिळत नाही.

उलट काही गोष्टी आपल्या मुलांना इतरांपेक्षा अधिक कळतात, पण त्या आपल्याला कळतात हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भिंत तडकते. इंग्रजी पुस्तकात 'एक्स्पान्सिव्ह सॉइल' हा धडा येतो तो हाच. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, ते आपण सर्वांनी पाहिले. तेथे 'शंभर वर्षांचा पूर' म्हणून जो प्रकार शिकवतात, त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असा नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर असा आहे. दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागू नये. नवी संज्ञा आली की आपल्या गावात ती कोठे पाहिली, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

सर्वांत अवघड जाते ते करारांचे प्रकरण. आपल्याकडे वास्तुविशारद बांधकामावर जातो आणि मिस्त्रीला थेट सांगतो, 'ही सळई काढ, तेथे घाल.' मीही सांगतो. अमेरिकेतील प्रमाणित करारांत बांधकामाची पद्धत, क्रम आणि कामगारांची सुरक्षितता ही पूर्णतः कंत्राटदाराची जबाबदारी असते. वास्तुविशारद पाहतो, नोंद करतो, दोष असल्यास मालकास कळवतो, नियमबाह्य काम नाकारू शकतो. पण काम कसे करावे हे सांगू लागला तर ती जबाबदारी त्याच्या अंगावर येऊ शकते. येथे अनुभव घेतलेला मुलगा अशा प्रश्नात नेमका आपल्या सवयीचा पर्याय निवडतो. यासाठी 'बी १०१' हा मालक-वास्तुविशारद करार आणि 'ए २०१' या सर्वसाधारण अटी मूळ मजकुरातून वाचाव्यात, सारांशातून नव्हे. प्रत्येक कलमापाशी थांबून विचारावे: कोण, कोणाला, केव्हा आणि लेखी की तोंडी? व्यवस्थापनाचे दोन्ही विभाग आणि बांधकामाचा विभाग यांना हेच करार पायाभूत आहेत, म्हणून हे तीन विभाग लागोपाठ द्यावेत. आरेखन आणि तपशील हे दोन मोठे विभागही एकमेकांत मिसळलेले आहेत, तेही पाठोपाठ.

परीक्षेच्या दिवशीचे थोडे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. विश्रांतीसाठी उठले की आधी उघडून पाहिलेले प्रश्न कुलूपबंद होतात. उठण्यापूर्वी त्यांचा निकाल लावावा. शेवटी येणाऱ्या प्रकल्प-अभ्यासांत नकाशे, नियमावली, पत्रव्यवहार असे कागद उघडून उत्तर शोधावे लागते. त्यांना सरासरी वेळ पुरत नाही, म्हणून आधीच्या प्रश्नांतून मिनिटे वाचवावी लागतात.

एका विभागास सहा ते आठ आठवडे धरले तर पूर्ण परीक्षेस वर्षाच्या आसपास लागते, तेही नोकरी सांभाळून. या वर्षात घरच्यांचा हातभार फार साधा आहे. आपली सकाळ ती त्यांची रात्र, आणि अभ्यास होतो तो रात्रीच. रोज फोन करून 'किती झाले' विचारण्यापेक्षा आठवड्यातून एक वार ठरवून घ्यावा. मुलीच्या बाबतीत लग्न ठरवताना ही परीक्षा बाकी असल्याचे दोन्ही घरांत स्पष्ट बोलावे. लग्नानंतर सून नोकरी आणि घर दोन्ही सांभाळते, आणि अर्धी राहिलेली परीक्षा कोणाच्याच हिशेबात नसते. मला माहीत असलेल्या दोघींचे चार-चार विभाग होऊन काम तेथेच थांबले आहे. बुद्धीत त्या कोणाला हार जाणाऱ्या नाहीत.

त्या दोघींसाठी एक चांगली बातमी आहे. पूर्वी उत्तीर्ण विभागाची मुदत पाच वर्षांनी संपत असे. २०२३ साली एनकार्बने ती अट काढून टाकली. आता उत्तीर्ण विभाग परीक्षेच्या त्या आवृत्तीत आणि तिच्या पुढील एका आवृत्तीत ग्राह्य धरला जातो. जुने निकालही त्यांनी तपासून पाहावेत.

नापास झाल्यास तोच विभाग ६० दिवसांनी पुन्हा देता येतो, आणि बारा महिन्यांत तीनदा. निकालासोबत कोणत्या भागात कमी पडलो याचा अहवाल येतो. तो रागाने मिटून ठेवू नये. त्या भागाचे कागद दुसऱ्याच दिवशी काढावेत, आणि मधल्या दोन महिन्यांत पुढील विभागाची तारीख घेऊन टाकावी.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे. प्रश्न घेऊ. 'नाटा'ला बसणाऱ्या मुलांनी आधी विचारावे, त्यांना शेवटची बस गाठायची असेल. परदेशी जाणाऱ्यांशी मी नंतर थांबून बोलेन.