चौथ्याचा नंबर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय, 'काहीतरी हलकंफुलकं बोला.' मंडळी, मी राज्य शासनाच्या खात्यात उपयंत्री आहे. सिव्हिलचा डिप्लोमा. आयुष्यात मी जे काही लिहिलं ते माप-पुस्तिकेत लिहिलं, आणि माप-पुस्तिकेत कुणी हसलं की ऑडिट येतं. तेव्हा मला विनोद वगैरे जमणार नाही. मागच्या थंडीत घडलेली एक साडी-खरेदी सांगतो. चौघांच्या परवानगीनं सांगतोय. नावं घेणार नाही, कारण त्यातले तिघे याच हॉलमध्ये बसलेत आणि एक जण वकील आहे.

आम्ही चार मित्र. रामबागेतल्या एकाच वाड्यात वाढलो. एक वकील, एक बँकेत, एक मी आणि एक चौथा. त्याला आज आपण चौथाच म्हणू. गेली कित्येक वर्षं आमचा शनिवार रात्रीचा सराफा ठरलेला. आता इंदूरकरांना सराफा काय सांगायचा! पण पुण्या-मुंबईहून माहेरपणाला आलेल्या लेकी बसल्यात, त्यांच्या नवऱ्यांसाठी सांगतो. दिवसा तिथे सोन्या-चांदीची दुकानं. रात्री आठ-साडेआठला शटर पडायला लागली की त्याच ओट्यांवर कढया चढतात आणि दीड-दोनपर्यंत उतरत नाहीत. जुने लोक सांगतात, रात्री माणसांचा वावर राहिला की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाणेवाल्यांना बसू दिलं. खरंखोटं सराफ जाणोत. पण शंभर तोळ्यांच्या दाराला टेकून वीस रुपयांचं काहीतरी खाण्याची चैन दुसऱ्या कुठल्या गावात आहे, सांगा.

आमचा रस्ता ठरलेला. आधी जोशींचा दहीवडा. तो द्रोण हवेत उडतो, खाली येतो, दही सांडत नाही, आणि एकाच चिमटीतून तिखट, मीठ, जिरं वेगवेगळं पडतं. मी पंचवीस वर्षं बघतोय. सिमेंट, वाळू आणि गिट्टीचं प्रमाण आमच्या ठेकेदारांना मिक्सर लावूनही असं जमत नाही. मग भुट्ट्याचा कीस. थंडी असली की गराडू, दोनदा तळलेला, वर जीरावण आणि लिंबू. शेवट मालपुआ की शिकंजी, यावर वाद. आमची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, जावईबापू. ती दुधाची असते आणि ती प्यायल्यावर माणूस चालत नाही, डोलतो.

पैशाचा नियम एकच. दर शनिवारी एकाचा नंबर. ज्याचा नंबर त्यानं सगळ्यांचं द्यायचं, चार आठवड्यांत फेरी पुरी. हिशेब नाही, वही नाही. बँकवाला मित्र असूनही वही नाही, ही आमच्या मैत्रीतली सर्वांत अवघड गोष्ट.

तर मागच्या थंडीत चौथ्याचा नंबर आला, आणि चौथा आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. पुढच्या शनिवारी पाहुणे. त्याच्या पुढच्या शनिवारी फोनच उचलला नाही. आता आमच्यासारख्यांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे म्हटल्यावर काय होणार! बँकवाल्यानं त्याला थकबाकीदाराची नोटीस पाठवली, अगदी तारण जप्त करण्याच्या भाषेत. तारण म्हणून त्याची जुनी स्कूटर दाखवली. वकिलानं त्यावर कायदेशीर नोटीस ठोकली. मी मागे कसा राहीन? मी चालू दर-सूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार केलं : दहीवडा चार नग, कीस चार दोने, गराडू पाव किलो, अधिक आकस्मिक खर्च तीन टक्के. खाली माझी सही आणि सक्षम अधिकाऱ्याच्या सहीसाठी रिकामी जागा. आम्ही तिघं आपापल्या घरी बसून पोट धरधरून हसलो. चौथ्यानं हसण्याचं चिन्ह टाकलं. आम्हाला वाटलं, तोही हसला.

हे राहू द्या इथेच. आता साडी.

माझी ताई पुण्याला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न होतं. ताईनं फोनवर सांगितलं, 'मला आहेरात दुसरं काही नको. महेश्वरी आण. पुण्यात मिळते रे, पण ती दुकानातली असते, माहेरची नसते.' यावर मी काय बोलणार? सौभाग्यवती म्हणाल्या, 'महेश्वरला जाऊन आणू.' नव्वद किलोमीटर. मी म्हटलं, आपल्या कपडा मार्केटमध्ये मिळते की. म्हणून एका मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून आम्ही राजवाड्याकडे निघालो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझी अर्ध्यातली अर्धी सुट्टी संपली.

दुकानाचं नाव सांगत नाही. चार पायऱ्या, चप्पल बाहेर, आत पांढरी गादी. मालक मारवाडी, गोड माणूस. दाखवायला एक पोरगा होता, पण त्याला महेश्वरी आणि चंदेरी यातला फरक माझ्याइतकाच कळत होता. तरी एक साडी मनात भरली. मोरपंखी रंग, बारीक चौकडा. भाव अडतीसशे.

आता खरेदीतली आपली एक जुनी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याच्या माणसाला परगावी गेल्यावर मराठीत कुजबुजता येतं. इंदुरात ती सोय नाही. इथे साडीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना मराठी कळतं, फक्त ते कळल्याचं दाखवत नाहीत. एकदा याच बाजारात आमच्या आई मला म्हणाल्या होत्या, 'हा लबाड दिसतोय, चल.' आणि दुकानदार हात जोडून म्हणाला होता, 'बसा आई, चहा घ्या.' तेव्हापासून आमच्या घरात खरेदीसाठी 'च'ची भाषा चालते. लहानपणी आपण सगळे बोलायचो ती. पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' लावायचा. मी वाड्यात शिकलो. लग्नानंतर पत्रिका जुळल्याचा खरा पुरावा मला काय मिळाला असेल, तर हिलाही ती येत होती.

तर ही साडीवरून हात फिरवत, मालकाकडे बघून गोड हसत, मला म्हणाली,

'चनशेदो चमीक चगसां.'

म्हणजे दोनशे कमी सांग. मालक गोंधळला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गादीच्या पलीकडे साड्यांच्या गठ्ठ्यांची जी भिंत रचली होती, तिच्या मागून आवाज आला,

'चहीना चरवडतप.'

मंडळी, मला आधी हसू आलं. मालकही चमकून मागे बघायला लागला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा आवाज मला माहीत आहे. ही भाषा मी ज्याच्याकडून शिकलो, त्याचाच आहे.

भिंतीमागून चौथा उभा राहिला. गळ्यात टेप, हातात दोन घड्या. नंतर त्यानं सांगितलं, की आम्ही पायऱ्या चढताना त्यानं पाहिलं आणि तो मागे जाऊन बसला. आम्ही जाईपर्यंत बाहेर यायचं नाही असं ठरवलं होतं. 'पण अरे, वहिनी च-ची भाषा बोलल्या आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. मला आवरलंच नाही.'

तो एका खाजगी कंपनीच्या इथल्या ऑफिसात स्टोअर सांभाळायचा. एकोणीस वर्षं. ते ऑफिस दिवाळीच्या आधी बंद झालं होतं. आम्हाला माहीत नव्हतं. दर शनिवारी भेटणाऱ्या आम्हाला माहीत नव्हतं. सेहेचाळीसाव्या वर्षी नवी नोकरी शोधणं काय असतं, हे आम्हा सरकारी माणसांना कळत नाही. आमची नोकरी आम्हाला सोडत नाही, आम्हीच तिला कंटाळतो. आणि माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये ते अंदाजपत्रक होतं. आकस्मिक खर्च तीन टक्के.

मी तिथे नुसता उभा. 'अरे तू इथे?' एवढंच बोललो, म्हणजे जे बोलायला नको होतं तेच. आमच्या घरात डिप्लोमा मला असला तरी अक्कल कुणाला आहे, हे त्या दिवशी ठरलं. ही तिथेच मांडी घालून बसली आणि म्हणाली, 'बरं झालं भाऊजी तुम्ही भेटलात. या पोराला काही माहीत नाही. मला नीट महेश्वरी दाखवा. घाई नाही मला.'

आणि त्यानं दाखवली. मंडळी, तीन महिन्यांत माणसानं काय शिकून घेतलं होतं! पदरावर पाच पट्टे बघा वहिनी, तीन रंगीत, मधले दोन पांढरे, ही जुनी पद्धत. ही किनार उलटी करा, दोन्ही बाजूंनी सारखी, कशीही नेसा. ताणा रेशमाचा, बाणा सुती, म्हणून ही हलकी. अहिल्याबाईंनी विणकर महेश्वरला आणून बसवले आणि किल्ल्यावरची नक्षी किनारीवर उतरली. ही चटई, ही चमेली, ही नर्मदेची लहर, ही ईंट. विटांची किनार दिसल्यावर मला माझं खातं आठवलं. मी विचारलं, 'हा बॉण्ड कुठला? इंग्लिश की फ्लेमिश?' तो म्हणाला, 'तुझ्या खात्यानं बांधलेला नाही. टिकेल.'

तिथे आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

शेवटी त्यानं आम्हाला अडतीसशेची नाही, एकावन्नशेची साडी विकली. एक पैसा कमी केला नाही. पायऱ्या उतरताना ही म्हणाली, 'विकायची कशी हे मात्र त्याला येतं हो.' आणि मग गाडीपर्यंत काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चहाच्या गाडीवर भेटलो. वकील आणि बँकवाला, दोघांनी आधी आपापल्या नोटिसा खोडून टाकल्या. जणू काही त्यानं वाचल्याच नव्हत्या. मग चर्चा. बँकवाला म्हणाला, आपण त्याला थोडी रक्कम देऊ, बिनव्याजी. वकील म्हणाला, त्याचा नंबरच काढून टाकू, तिघांतच फेरी चालवू, त्याला कळणारही नाही. मी म्हटलं, न कळायला तो काय आपल्यासारखा आहे का? दीड तास बसलो. चार-चार कट चहा झाले. ठरलं काही नाही.

शनिवारी तो स्वतःच आला. दुकान नऊला बढवून सरळ सराफ्यात. आल्या आल्या म्हणाला, 'तुमची मीटिंग झाली असणार. पैशाचं कुणी बोललात तर मी परत जाईन. नंबर काढलात तरी परत जाईन.' मग वकिलाला विचारलं, 'नियम काय आहे? ज्याचा नंबर, त्यानं खाऊ घालायचं. कुठे आणि किती वाजता, असं कुठे लिहिलंय?' वकील गप्प. वहीच नव्हती, तर लिहिलेलं असणार कुठे!

तेव्हापासून त्याच्या नंबरला आम्ही शनिवारी रात्री भेटत नाही, रविवारी सकाळी सातला भेटतो. चार प्लेट पोहे, चार कट चहा. वाफेवर ठेवलेले पोहे, बडीशेप घातलेले, वरून शेव, कांदा, जीरावण. आमच्या ताई त्यांना पोहे मानत नाहीत. त्या म्हणतात, 'यात खोबरं कुठंय, आणि साखर एवढी का?' माहेरची साडी चालते, माहेरचे पोहे चालत नाहीत.

गंमत सांगतो. सराफ्यात आम्ही चौघं खायचो, पण बोलणं काय व्हायचं? हा गर्दीत हरवला, तो द्रोण शोधतोय, मागून कुणी गाडी घुसवतोय. सकाळी सातला रस्ता नुकता झाडलेला असतो, ओटा थंड असतो आणि पोह्यांची प्लेट पाच मिनिटांत संपते. मग तास-दीड तास करायचं काय? बोलावंच लागतं. वकिलाच्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, हे मला त्या ओट्यावर कळलं. बँकवाल्यानं बदली नाकारून बढती घालवली, हेही. माझी शुगर वाढलीय हे त्यांनाही तिथेच कळलं, म्हणून आता माझ्या वाटची जलेबी तिघं वाटून खातात. यालाच ते मैत्री म्हणतात.

चौथ्याच्या मालकानं दिवाळीपर्यंत पगार वाढवायचं कबूल केलंय. तोवर काय होतं बघू. मधल्या काळात रामबागेतल्या निम्म्या बायकांनी त्याच दुकानातून महेश्वऱ्या घेतल्यात. आमच्या हिनं तो प्रचार केला. आज या हॉलमध्येच मला सात दिसताहेत. किनारी उलट्या करून बघू नका, शांत बसा.

परवाच्या रविवारी त्याचा नंबर होता. पोहे झाल्यावर तो उठला आणि न विचारता पाव किलो जलेबी घेऊन आला. बँकवाला खिशाकडे हात नेत होता, त्याच्या हातावर यानं चापट मारली.

अजून बरंच सांगण्यासारखं आहे, पण मागच्या रांगेतून मला केव्हाची खूण होते आहे. हातात टेप नाही, तरी माप घेतल्यासारखा बघतोय. ओठ हलताना मला इथून दिसताहेत.

'चरेपु' म्हणतोय.

बसतो. गणपती बाप्पा मोरया!