आठवणीची पावडर आणि आमचे बाराशे रुपये

आज आम्ही बचत गटातल्या बाया आमचीच एक चूक सांगायला आलोय.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई, वय ६८. चुलीवर दूध ठेवायच्या नि विसरायच्या. एकच गोष्ट चारदा विचारायच्या. पायाला मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा. आम्ही म्हणालो, वय झालं. बाजारात एकानं मेंदूला ताकद देणारी पावडर दाखवली. गटातून कर्ज काढून १२०० रुपयांचा डबा आणला. डबा संपला, विसरणं वाढलं.

शेवटी आशाताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. सासूबाई माळकरी, अंडं-मटण नाही. दूध सगळं डेअरीला, घरात चहापुरतं. त्यात दहा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी. तिनं बी-१२ अंगी लागणं कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. आता नातवंडांची नावं चुकत नाहीत. मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात." ते शब्द आम्हाला अजून टोचतात.

मग पावडरीचं काय? कमतरता असेल तर ती भरून काढणारं औषध उपयोगी पडतं. ताकदीच्या नावानं काहीही घेऊन भागत नाही. अमेरिकेत ७५ वर्षांपुढच्या तीन हजारांवर माणसांवर गिंको झाडाच्या पानांचा अर्क तपासला. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २००८ साली निकाल आला. अर्कानं स्मृतिभ्रंश टळला नाही.

बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटणात असतं. पालेभाजीत, डाळीत नसतं. म्हणून शाकाहारी म्हाताऱ्या माणसांच्या वाटचं दूध-दही आधी बाजूला काढा, मग डेअरीला घाला.

साखरेची गोळी मनानं बंद करू नका. नुसती फॉलिक ॲसिडची गोळीही मनानं देऊ नका. तिनं रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ कमी असेल तर नसांची हानी आतून चालूच राहते. विसरण्यामागे थायरॉईड, कमी ऐकू येणं, मनाची उदासी हीही कारणं असतात. प्रत्येक विसरणं बी-१२ नं बरं होत नाही, म्हणून तर तपासणी हवी.

आमच्या गटानं आता ठरवलंय, डब्यासाठी कर्ज नाही, तपासणीसाठी लगेच. तुमच्या घरातलं कोण विसरायला लागलंय? आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, पायाला मुंग्या येतात का?"