मोबाईल आणि आपला स्वभाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पांडित्य सांगायला नव्हे, रोज डोळ्यांना दिसते ते चार शब्दांत सांगायला मी उभी आहे. वांगी एकाच बाजारातली असली तरी दहा घरचे भरीत दहा चवींचे होते, कारण हात निराळा. मोबाईलचेही तसेच. यंत्र एकच, पण जिचा जसा स्वभाव तसे तिचे बोट चालते.

मानसशास्त्राचे जाणकार स्वभावाचे पाच मुख्य गुण मानतात: नव्याची हौस, टापटीप, माणसांची आवड, मिळते घेण्याची वृत्ती आणि काळजी. हे पाचही आपल्या मंडळात सापडतील. हौशी बाई दिसेल ती खूण दाबून पाहते. टापटिपीची बाई घरखर्च त्यात टिपते आणि नको ते पुसून टाकते. बोलकीला पन्नास जणींना सुप्रभात पाठवल्याखेरीज चहा गोड लागत नाही. भिडस्त बाईला कोणालाच नाही म्हणवत नाही. आणि काळजीखोर बाई 'काही बिघडले तर?' म्हणत मुलाची वाट पाहत बसते.

यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे. 2016 साली यूपीआय आले आणि पैसे फोनमधून जाऊ लागले. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज कितीतरी जणींनी मोबाईलवरूनच भरले. म्हणजे फोन आता करमणुकीचा डबा राहिला नाही. तो आपली तिजोरी झाला आहे. आणि या तिजोरीचा चोर कुलूप पाहत नाही, स्वभाव पाहतो! हौशीला तो बक्षिसाची लिंक पाठवतो. भिडस्तीला 'ताई, तेवढा ओटीपी सांगा' म्हणतो. भित्रीला पोलिसाचा वेष घालून 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो. भगिनींनो, अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे घेताना पिन लागत नाही. आणि फसगत झालीच, तर लाजत न बसता लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे.

स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण पथ्य पाळता येते. हौशीने दाबण्याआधी वाचावे. भिडस्तीने आपली भीड हळदीकुंकवापुरती ठेवावी. काळजीखोर बाईने भुसावळहून सुटणाऱ्या गाडीची वेळ स्वतः पाहावी. पाहिल्याने काही बिघडत नाही. मग घरच्याच माणसाला एक रुपया पाठवून पाहावा. भीती सवयीनेच जाते.

घरच्या मुला-सुनांनाही माझी विनंती आहे. आईच्या हातून फोन ओढून घेऊन काम उरकू नका. तिलाच दाबू द्या, तुम्ही शेजारी बसा. स्वतःच्या पैशाची किल्ली स्वतःच्या हाती असणे, हे आम्हा बायकांना फार उशिरा लाभले आहे.