पत्रिका उघडण्याआधी

मंडळी, तुळशीचं लग्न झालं की आपल्या ग्रुपवर लग्नपत्रिका सुरू होतात. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असलं, तर ती पत्रिका नव्हे बाप्पा, ते ॲप आहे! इन्स्टॉल केलं की बँकेचा ओटीपीसुद्धा भामट्याले दिसू शकतो. अकोल्याच्या पाहुण्याच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. आणि पैसे घ्याले यूपीआय पिन लागतच नाही.

तरी पैसे गेलेच, तर लाजून लपवू नका. तेवढ्यात ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात. लगेच 1930 लावा. जमत नसेल तर रात्री अकरालाही माझी बेल वाजवा; काहून उघडली फाइल, असं मी विचारणार नाही.