प्लेटचं डेव्हलपर: गाळा, पण मोजाही

जळगाव-धुळ्यात सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रामागे ऑफसेटच्या अॅल्युमिनियम प्लेट असतात. रंगीत पानाला चार. अनेक प्लेट डेव्हलपर नावाच्या अल्कधर्मी द्रावणातून जातात, आणि नको असलेला लेप तिथं निघून जातो.

त्या लेपाचे कण द्रावणात साचतात, रोलरला चिकटतात आणि पुढच्या प्लेटवर ठिपके सोडतात. म्हणून पंपानं द्रावण फिल्टरमधून फिरवत ठेवायचं. पण फिल्टर फक्त गाळ अडवतो. विरघळलेला लेप आरपार जातो, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणाची ताकद कमी करत राहतो. त्यासाठी टाकी झाकलेली हवी, रिप्लेनिशरची, म्हणजे ताकद भरून काढणाऱ्या ताज्या द्रावणाची, भर हवी आणि विद्युतवाहकतेचं मोजमापही. नुसता रंग पाहून अंदाज बांधू नका.

प्लेट धुतलेलं पाणीही गाळून पुन्हा वापरता येतं. उन्हाळ्यात नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या खानदेशात ही बचत मला फार मोलाची वाटते. थकलेलं डेव्हलपर मात्र मोरीत ओतू नका. मोरीतलं पाणी शेवटी नदीत पोचू शकतं, आणि धुळ्यातून तर पांझरा नदी वाहते. हातमोजे आणि चष्मा घालून हे डेव्हलपर बंद कॅनमध्ये साठवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या प्रक्रिया केंद्राकडेच सोपवा.